दाब, धर, सोड

१७ ऑक्टोबर, सोमवार
गाडीचा सांगाडा आता स्वतःच्या चार चाकांवर उभा आहे. इंजिन बसलं, सुकाणू बसलं. गेल्या वसंतात खोक्यांतून सुट्या भागांचा ढीग उतरला तेव्हा थेल्मा म्हणाली होती, "क्लिफ, हे सगळं एकाच गाडीचं आहे ना, नक्की?" आता ती तसं म्हणणार नाही.

उद्यापासून ब्रेकच्या नळ्या. इतकी वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात बसून जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले. अडतीस वर्षं. नळ मात्र हातात कधी धरला नाही. हे थेल्माला बोलून दाखवलं तर म्हणाली, "कागदावर तुझा एकही नळ गळला नाही, हे मात्र खरं."

मनातून भीती वाटते. बाकी काही चुकलं तर गाडी बंद पडेल. हे चुकलं तर गाडी थांबणार नाही.

२२ ऑक्टोबर, शनिवार
तांब्या-निकेलच्या नळीचं वेटोळं आलं. बोरूएवढी जाडी. हवी तेवढी कापायची, दोन्ही टोकांना नट चढवायचे, मग टोक शिकंज्यात धरून त्याचं तोंड फुलवायचं, म्हणजे नट आवळल्यावर ते घट्ट बसतं. पुस्तकात चार ओळी आहेत. मला सकाळचे तीन तास लागले. पहिलं तोंड वाकडं फुललं. दुसरं फाटलं. तिसरं असं सुरेख जमलं की मी ते उजेडात धरून बघत बसलो, आणि मग दिसलं की नट बाकावरच आहे. फुललेल्या तोंडावरून नट चढत नाही. कापा पुन्हा.

शेजारची बर्निस कुंपणापलीकडून बघत होती. तीस वर्षं तिने मालट्रक चालवला, त्यामुळे तिला चाकांच्या बाबतीत गप्प बसता येत नाही.

"नट विसरलास?"

"नाही."

"मग शिव्या कुणाला देतोस?"

अकराला थेल्मा चहा घेऊन आली आणि गॅरेजच्या पायरीला अडखळली. दोन्ही कप फुटले. पायरी पंचवीस वर्षं तिथेच आहे. तिला म्हटलं, खाली बघून चालत जा. मग एक फळी उतरती ठोकून दिली, कारण गरम चहा नळीच्या वेटोळ्यावर सांडला असता तर पंचाईत होती.

६ नोव्हेंबर, रविवार
पुढच्या दोन चाकांच्या नळ्या झाल्या. वळणं देण्यासाठी वाटाण्याच्या डब्याचा उपयोग होतो, त्याच्याभोवती अंगठ्याने हळूहळू दाबत न्यायचं. घाई केली की नळी चेपते.

काम रंगात आलं होतं आणि थेल्माने हाक मारली. का, तर कपडे धुण्याचं यंत्र कसं चालवायचं ते मला शिकवायचं होतं! लोकरीचे कपडे वेगळे, पांढरे वेगळे. मी म्हटलं, तू आहेस की. ती म्हणाली, "लिहून घे, क्लिफ." तास गेला.

दुपारी दुसरा विषय. जेवणाची खोली रिकामी करून हवी आहे. तिथे माझी दारं, पुढचं झाकण आणि सीटा ठेवल्या आहेत. त्या कुठे नेऊ? "तिथे ऊन येतं. मला खिडकीपाशी पलंग टाकायचाय," एवढंच म्हणते. वरच्या मजल्यावर उत्तम शयनगृह असताना! बायकांना मध्येच घराची फिरवाफिरव करायची लहर येते. बघू म्हटलं.

१२ नोव्हेंबर, शनिवार
थेल्मा बर्निसबरोबर लिंकन शहरात खरेदीला गेली. सकाळी साडेआठला गेल्या, साडेचारला आल्या. हातात एक पिशवी नाही. "काही आवडलंच नाही," म्हणाली. दिवसभर हिंडून! बर्निसने गाडीतून उतरताना मला नेहमीसारखा एकही टोमणा मारला नाही, त्यावरून दोघींचं वाटेत काहीतरी बिनसलं असावं. मी विचारलं नाही. असल्या गोष्टीत पडू नये.

दिवसभर घर रिकामं असल्याने मागच्या आसाची नळी एका दमात झाली.

२६ नोव्हेंबर, शनिवार
नळ्या पूर्ण! पुढून मागपर्यंत सांगाड्याच्या कडेने सरळ रेघ, हातभर अंतरात दोन-दोन चिमटे, कुठे घासत नाही, कुठे लोंबत नाही. मी आयुष्यात केलेल्या सर्वांत नेटक्या कामांपैकी एक. थेल्माला बघायला बोलावलं. तिला वाकायला नको म्हणून खुर्ची दिली. बराच वेळ बघत होती.

"सुंदर आहे रे," म्हणाली. "कुणाला दिसणार नाही पण."

"गाडी पास करणाऱ्या तपासनिसाला दिसेल."

"मलाही दिसलं."

तिचा उजवा बूट पुढून पार घासून गेलाय, कातड्याखालचा पुठ्ठा दिसतो. डाव्याला काही झालेलं नाही. आजकाल बूट कसले बनवतात कोण जाणे. नवे घे म्हटलं.

४ डिसेंबर, रविवार
आज ब्रेकचं तेल भरलं. आता नळ्यांमधली हवा काढायची. हे दोन माणसांचं काम. एकाने पेडलपाशी बसायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं पडायचं. पेडल दाबलं की चाकाजवळची निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, उघडायची, रबरी नळीतून तेल आणि बुडबुडे मुरंब्याच्या बाटलीत येतात. मग पेडल तळाशी धरून ठेवायचं, निपल बंद झाली की सोडायचं. धरलेलं मध्येच सुटलं तर बाहेरची हवा उलट आत शिरते आणि केलेलं सगळं पाण्यात.

थेल्माला तीन शब्द शिकवले. दाब. धर. सोड.

"दाब!"

"दाबलं."

काही आलं नाही. मग चिमणीने पाणी प्यावं तेवढं तेल.

"पूर्ण दाब."

"पूर्णच आहे."

"तळाला टेकलं?"

"नाही. जात नाहीये खाली."

निपल उघडी असताना पेडल लोण्यासारखं खाली जायला हवं. जात नाही याचा अर्थ नळी कुठेतरी चेपली आहे किंवा तुंबली आहे. तासभर खटपट केली. दोनदा तिचा पाय पेडलवरून घसरला आणि हवा आत गेली. मी म्हटलं, बुटाचा तळ गुळगुळीत असेल. तिने बूट काढून मोज्यांनी दाबलं. गॅरेजमध्ये इतकी थंडी की श्वासाची वाफ दिसत होती. तरी तेच.

रविवारचं भाजलेलं मांस करपलं. दोघंही फारसं जेवलो नाही.

८ डिसेंबर, गुरुवार
मागची लांब नळी काढून फुंकून पाहिली. हवा आरपार जाते. तरी विश्वास बसेना, म्हणून कापून टाकली आणि नवी केली. चार दिवस गेले. या वेळी एकही नट विसरलो नाही.

११ डिसेंबर, रविवार
आजचं लिहायची लाज वाटते. पण वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला?

पुन्हा तेच. चाकापाशी पाठीवर पडून मी ओरडतो आहे, दाब, धर, आणि धरलेलं लगेच सुटतं. सहाव्या वेळी तेल माझ्या डोळ्यात उडालं. मी म्हणालो, "तीन शब्द आहेत, थेल्मा! तीन! लहान मुलालासुद्धा जमेल. तुझं लक्ष कुठे असतं?"

मी सरपटत बाहेर आलो तर तिने दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला होता आणि हातांनी पाय खाली दाबत होती. चेहरा लाल. "आणखी एकदा म्हण," ती म्हणाली. "मी करते."

मी बास म्हटलं. दोष तिचा नाही, यंत्राचा आहे हे मला कळतं. एवढं दोन हातांनी दाबूनही पेडल जात नाही म्हणजे पेडलमागचा, नळ्यांत तेल ढकलणारा मुख्य पंपच गंजून आवळलाय. जुन्या मोडीतल्या गाडीचा काढून बसवला होता. तिथेच चूक झाली. नवा मागवतो. संध्याकाळी तिला तसं समजावून सांगितलं, आणि माफीही मागितली. ती हसली आणि माझ्या डोळ्याला ओला रुमाल लावत राहिली.

२७ डिसेंबर, मंगळवार
थेल्माची बहीण ऑल्विन तीन दिवस राहून आज गेली. तीस वर्षांत या बाईने माझा नुसता हात हातात घेतला असेल. आज फाटकापाशी मला मिठी मारली आणि सोडेचना. माणसं म्हातारपणी हळवी होतात.

नाताळच्या जेवणाला बटाटे मी सोलले, सॉस मी केला, टर्की मी भाजली. थेल्मा खुर्चीत बसून सांगत होती. "आता हे तुला एकट्याला येतं," म्हणाली. मला अभिमान वाटला.

जेवणाच्या खोलीतून गाडीची दारं ऑल्विननेच माझ्याकडून काढून घेतली. वाद घालायची सोय नव्हती. पलंग खाली आला आहे. मी वरच झोपतो, माझ्या घोरण्याने तिची झोपमोड होते म्हणे.

१४ जानेवारी, शनिवार
नीट क्रमाने लिहितो.

नवा पंप गुरुवारी बसवला. आज दुपारी हवा काढायची होती. थेल्मा पलंगावर आडवी झाली होती, तिला उठवायला नको वाटलं. बर्निस कचऱ्याचा डबा आत घेत होती, तिलाच बोलावलं. ती आधी नको म्हणाली. कधी नव्हे ते. मग आली.

मी गाडीखाली गेलो. "दाब," म्हटलं.

तेल असं सुटलं की बाटली उलटली. माझी बाही भिजली.

"हळू!"

"हळूच दाबलं," वरून आवाज आला.

चारही चाकं वीस मिनिटांत झाली. एकही बुडबुडा उरला नाही. शेवटी निपला बंद करून तिला पाय रोवून दाबायला सांगितलं. पेडल दगडासारखं घट्ट. मला इतका आनंद झाला! बाहेर येऊन म्हटलं, "बघ, पंपच होता! मी थेल्माला सांगितलं होतं, पंपच आहे."

बर्निस सीटवरून उतरली नाही. जुना पंप बाकावर पडला होता, त्याकडे तिने बोट केलं. "तो दे इकडे."

दिला. त्याचा दांडा तिने बाकाच्या कडेला टेकवून एका हाताने दाबला. सरकन आत गेला, सरकन बाहेर आला. पुन्हा. पुन्हा.

"याला काय झालंय?" तिने विचारलं.

मी तो स्वतः दाबून पाहिला. याला काहीही झालेलं नव्हतं. मग मी मूर्खासारखा म्हणालो, "मग नळी असेल. मी नळी बदलली ना, तेव्हाच..."

"नळी बदलल्यावरही तिला जमलं नव्हतं, क्लिफ."

"तुला कसं माहीत?"

"मला सांगितलं तिने." तिने सुकाणूवर कपाळ टेकलं. "मी वचन दिलंय. मी काही बोलणार नाही. पण तू घरात जा. आत्ता. हात नंतर धू."

थेल्मा जागीच होती. माझ्या हाताचं तेल उशीला लागलं. मी विचारलं, "तुझ्या पायाला काय झालंय?"

तिने आधी विचारलं, "ब्रेक लागले का?"

"लागले."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग सांगितलं. चेतातंतूंचा आजार आहे. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही, एकेक स्नायू गळत जातो. आधी पाय, मग हात, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. नोव्हेंबरात लिंकनच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी दोघी दुकानात गेल्याच नव्हत्या.

"दोन महिने!" मी म्हणालो. "मला सांगितलं नाहीस? मी तुझ्यावर ओरडत होतो, थेल्मा!"

"छान ओरडत होतास. कुणी तरी माझ्याशी नेहमीसारखं वागत होतं." मग म्हणाली, "मी वाट बघत होते. म्हटलं, तुझ्या लक्षात येईल, मग सांगायचं. तू पंप मागवलास."

यावर ती हसायला लागली. मला हसू आलं नाही.

१५ जानेवारी, रविवार
या वहीची मागची पानं वाचली. पायरी. बूट. लिंकन. ऑल्विन. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, तारीखवार.

१८ फेब्रुवारी, शनिवार
महिनाभर गॅरेजचं दार उघडलं नव्हतं. गाडी विकून टाकतो म्हटलं तर थेल्मा इतकी चिडली की बोलताना जीभ अडखळली. आता दमल्यावर तिची जीभ अडखळते.

"विकलीस तर करशील काय? दिवसभर माझ्या पायांकडे बघत बसशील? मला नाही सहन होत ते."

म्हणून आज तिला चाकांच्या खुर्चीतून गॅरेजमध्ये नेलं, गुडघ्यांवर दोन रजया. पुढच्या उजव्या चाकाच्या नटापाशी तेलाचा ओलावा दिसत होता. तो आवळून पुन्हा हवा काढायची होती. बर्निस पेडलवर, मी खाली, आणि हुकूम सोडायला थेल्मा.

"दाब!" थेल्मा म्हणाली.

"दाबलं, बाईसाहेब."

"धर. ... क्लिफ, झालं का?"

"झालं."

"सोड. बर्निस, सोड म्हटलं ना! लक्ष कुठे असतं तुझं? तीन शब्द आहेत!"

बर्निस सीटवर मागे पडून खदखदा हसली. मी गाडीखाली होतो, ते बरंच झालं. मला तोंड दाखवायचं नव्हतं.

२९ एप्रिल, रविवार
तिला चमचा धरवत नाही. दारं बसवली. रंगाचं विचारलं तर म्हणाली, "हिरवा. पण उदास हिरवा नको." हिरव्यात उदास कुठला आणि आनंदी कुठला, हे मला कधीच कळलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे एकेक नमुना धरत गेलो, नवव्याला तिने मान हलवली.

सकाळी मदतनीस बाई येते, इव्हेट नावाची. दुपारपर्यंत असते.

१४ जून, गुरुवार
गाडीची परीक्षा होती. थेल्माला सोबत न्यायचं ठरलं होतं, पण सीट फार खोल आहे. मी आणि इव्हेटने मिळून प्रयत्न केला, तिला दुखलं, सोडून दिलं. "जा तू," म्हणाली. "मी खिडकीत आहे."

तपासनीस तरुण होता, फार बोलत नव्हता. चाकं रोलरवर फिरवणाऱ्या यंत्रावर ब्रेक तपासले. मग दिवा घेऊन खाली वाकला आणि नळ्यांच्या कडेने हळूहळू मागपर्यंत गेला. "या कुणी बसवल्या?" म्हणाला. मी म्हटलं, मी. त्याने मान डोलावली. गाडी पास झाली.

साडेबाराला घरी पोचलो. आमच्या गल्लीच्या तोंडापासून भोंगा वाजवत आलो. थेल्मा जेवणाच्या खोलीच्या खिडकीत खुर्चीत होती. तिने हात वर केला. हात आता तिला जेमतेम छातीपर्यंत उचलता येतो, तेवढा केला. मीही हात केला. इव्हेट निघायच्या तयारीत दारात उभी होती, तिने टाळ्या वाजवल्या आणि तिच्या बसला गेली.

मला वाटलं, थेल्माला गाडी चालताना दिसावी. चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, वळून आलो, खिडकीपुढे मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. तिने पुन्हा हात वर केला. मी हात केला. दुसरी फेरी मारली. ऊन होतं, छत उघडं होतं, आणि खरं सांगायचं तर जानेवारीपासून पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं. तिसऱ्या फेरीला तिचा हात किंचित हलला. मीही हात केला, भोंगा वाजवला. चौथ्या फेरीला हात दिसला नाही. दमली असेल म्हटलं. गाडी लावली. काचेवर किडे चिकटले होते, ते पुसले. मग आत गेलो.

उशी निसटून ती खुर्चीत अर्धी खाली सरकली होती. मान एका बाजूला पडलेली, हनुवटी छातीत रुतलेली, ओठ निळसर. श्वास बारीक, घरघर करत. मी तिला काखेत हात घालून वर ओढलं, मान सरळ धरली. किती वेळ धरून होतो ठाऊक नाही. हळूहळू रंग परत आला.

"तू हात करत होतीस," मी म्हणालो. "मला वाटलं..."

"बोलवत होते."

शब्द अस्पष्ट होते, पण तेच होते.

मग बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "किती फेऱ्या?"

"चार."

"मला जास्त वाटल्या."

आता चार वाजलेत. ती झोपली आहे. बर्निस येऊन गेली, तिला मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती गाडीकडे बघायला गेली नाही. बाहेर आभाळ भरून आलंय आणि गाडी उघडीच आहे, सीटा भिजतील. उठावं लागेल, पण तिचा हात माझ्या डाव्या हातात आहे आणि सोडवला तर ती जागी होईल. वही गुडघ्यावर हलते आहे, म्हणून आजचं अक्षर असं.

पहिले थेंब पडले. पडू देत.